गॅस बर्नरच्या नोंदी: टेबलावर निळा, नळीत पिवळा

१ डिसेंबर २०२४

वाफेच्या छोट्या मॉडेल इंजिनासाठी केलेला बॉयलर आडवा, तांब्याचा. बाहेरचा व्यास ७६ मिमी, पत्रा १.६ मिमी, लांबी १५० मिमी. मधून ३५ मिमीची एकच आगनळी (हिच्यात बर्नर जळतो) गेली आहे आणि तिच्या मागच्या अर्ध्या भागात ८ मिमीच्या चार आडव्या पाणनळ्या (आतून बॉयलरचं पाणी) आहेत. पाण्याच्या दाबाने ६ बारपर्यंत (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) तपासून घेतला आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह २.८ बारला उघडतो, काम २ बारवर. पुढे एका सिलिंडरचं डोलणारं इंजिन (ज्यात सिलिंडरच डोलतो) जोडायचं आहे.

बर्नर म्हणजे अर्ध्या इंचाची (१२.७ मिमी) पितळी नळी. एक तोंड बंद, वरच्या बाजूला ६० मिमी लांबीत आडव्या ९ खाचा, जेटच्या (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीच्या) बाजूला हवेसाठी ४ मिमीची चार भोकं. जेट ०.२ मिमीचा. गॅसची टाकी तांब्याची, आतलं माप १०० मिली. गॅस स्वयंपाकघरातल्या फ्लेम गनला लागतो त्या डब्यातला ब्युटेन.

घरगुती सिलिंडरचा गॅस इथे चालणार नाही, हे पहिल्या पानावरच लिहून ठेवतो, कारण विचारणारा हमखास भेटतो. त्यात प्रोपेन असतो. ४० अंशांना शुद्ध ब्युटेनचा दाब पावणेतीन बारच्या आसपास राहतो, प्रोपेनचा साडेबाराच्या वर जातो. शिवाय सिलिंडरमधला गॅस असा दुसऱ्या भांड्यात काढायला कायद्यानेही बंदी आहे.

चाचणीची पद्धत ठरवली, ती शेवटपर्यंत बदलायची नाही. पाणी ३०० मिली, सुरुवातीचं तापमान २४ अंश. टाकी पेटवण्याआधी आणि नंतर सोनाराच्या काट्यावर (०.१ ग्रॅम) तोलायची. २ बारला किती मिनिटं आणि किती ग्रॅम, एवढंच लिहायचं.

पहिली चाचणी: २० मिनिटांत ०.८ बार. गॅस ८ ग्रॅम. ज्योत मरतुकडी, मधूनच पिवळी, आणि धुराड्याच्या तोंडाशी डोळ्यांना झोंबणारा वास. थांबवलं.

तो वास म्हणजे अर्धवट जळालेला गॅस, आणि त्याच्याबरोबर बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइडही असतो. यापुढे सगळ्या चाचण्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून.

३ डिसेंबर

सगळ्यांचा पहिला संशय जेटवर. "जेट मोठा कर" हा सल्ला तर कोल्हापुरात कुणीही देईल, ज्याने कधी रॉकेलचा स्टोव्ह पेटवलाय तोही. पण आधी हिशेब मांडला. २५ अंशांना टाकीत साधारण दीड बार दाब असतो. त्या दाबाला ०.२ मिमीच्या भोकातून मिनिटाला सुमारे १.२ ग्रॅम ब्युटेन जायला हवा. १ ग्रॅम ब्युटेनची उष्णता सुमारे ४५.७ किलोज्यूल, म्हणजे बर्नर ९०० वॉटच्या घरातला. या बॉयलरला तेवढा पुरतो.

आपल्याकडे गेला ०.४ ग्रॅम. म्हणजे भोक लहान नाही, तुंबलेलं आहे. मोठा जेट लावला असता तर तोही तुंबला असता आणि आठवडाभर चुकीच्या वाटेने गेलो असतो.

८ डिसेंबर

जेट उघडला. मॉडेलवाल्यांचे खास जेट इथे सहज मिळत नाहीत, म्हणून थ्री-डी प्रिंटरचं पितळी नोझल वापरलं आहे. आटे एम-६, पिच १ मिमी, भोक ०.२ मिमी. स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, आणि टोक निमुळतं असल्यामुळे हवेच्या वाटेत अडथळाही कमी. दोष एकच, मापावर भरवसा नाही. पाच नोझलं आणली होती, ती ॲक्युपंक्चरच्या सुयांनी तपासली. या सुया ०.२० आणि ०.२५ मिमीच्या मिळतात आणि मापाला चोख असतात. ०.२० ची सुई जावी, ०.२५ ची जाऊ नये. दोन नोझलांत ०.२५ ची आरामात गेली. ती बाजूला ठेवली. एकाचं भोक मध्यापासून सरकलेलं होतं. भिंगातून पाहिल्याशिवाय ते कळत नाही, आणि अशा जेटची धार नळीच्या भिंतीला घासत जाते. तेही बाद. पाचात दोन कामाची निघाली.

तुंबलेल्या जेटमध्ये सापडला टेफ्लॉन टेपचा केसाएवढा तुकडा. आट्यांवर टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडायचा असतो. तो सोडला नव्हता. आवळताना टेपची कड कातरली गेली आणि गॅसबरोबर पुढे आली.

साफ करायची रीत: जेट थिनरमध्ये तासभर बुडवून ठेवायचा आणि मग पुढच्या बाजूने मागे हवा मारायची, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरवर अर्ध्या मिनिटाचं काम. स्टोव्हची पिन चुकूनही घालू नये. स्टोव्हच्या निपलचं भोकच याहून मोठं असतं. ती पिन इथे घातली की पितळ मऊ असल्यामुळे भोक वाकडं आणि मोठं होतं, आणि तो जेट कायमचा गेला.

जेटच्या मागे गाळणी बसवली. स्टेनलेस जाळीच्या ५ मिमीच्या दोन चकत्या आणि त्यांच्या मधोमध फेल्टचा (नमद्याचा) एक तुकडा. डब्यातल्या गॅसबरोबर थोडा तेलकट अंशही येतो, तो फेल्ट धरून ठेवतो. फेल्ट दाबून भरायचा नाही, नाहीतर तोच नवा बूच होतो. टेप पूर्ण काढून टाकली, तिच्या जागी आट्यांना सीलंटचा एक थेंब.

टेबलावर पेटवून पाच मिनिटांचं वजन घेतलं: ५.९ ग्रॅम. हिशेबाशी जुळलं.

१५ डिसेंबर

गॅस पुरेसा येताच दुसरा रोग दिसला. पेटवल्यावर मिनिटभराने हवेच्या भोकांपाशी निळी ज्योत दिसते आणि जेटकडची बाजू हाताला चटका बसेल इतकी तापते. सगळ्या लक्षणांवरून वाटतं की ज्योत मागे फिरली. तशी ती फिरतेही: गॅस फार कमी केला की मिश्रणाचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा खाली येतो, आणि नळी तापलेली असेल तर ज्योत खाचेतून आत शिरून थेट जेटवर जाऊन बसते. पण तसं होताना 'फट्' असा आवाज येतो आणि खाचांवरची ज्योत नाहीशी होते. इथे आवाज नाही, आणि खाचांवर ज्योत जशीच्या तशी. मग हवेच्या भोकात जळतंय काय?

बर्नरची नळी काढून नुसता जेट-होल्डर उघडा केला. व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून जेटच्या बुडाशी साबणाचं पाणी लावलं. फेस आला. गॅस जेटच्या भोकाबरोबरच आट्यांच्या बाजूनेही झिरपत होता. प्रिंटरचं नोझल आट्यांवर गॅस अडवायला बनवलेलंच नसतं. ते आतल्या सपाट तोंडावर टेकून सील होतं. आपल्या होल्डरात आत टेकायला सपाट जागाच नाही, ड्रिलच्या टोकाने झालेला शंकू तसाच आहे.

बाहेरून सगळ्या जोडांना साबण लावून 'गळती नाही' असा निर्वाळा १ तारखेलाच दिला होता. हा जोड मात्र बर्नरच्या नळीच्या आत असल्यामुळे तपासणीतून सुटला. गळती पाहायची तर नळी काढूनच पाहायची.

उद्यमनगरात (इथली कारखान्यांची वस्ती) लेथवर होल्डरचा तळ सपाट करून घेतला. तांब्याचा ०.५ मिमी जाडीचा वॉशर लाल करून पाण्यात विझवला, मऊ झाल्यावर घातला. आता फेस नाही. टाकीच्या व्हॉल्व्हला नायट्रिल रबराची ओ-रिंग (सील करणारं गोल कडं) आहे, ती ठीक. एका जोडाला सिलिकॉनची नळी लावली होती, तीही काढली. सिलिकॉन उष्णतेला टिकतं म्हणून लोक वापरतात, पण ब्युटेन त्याच्या भिंतीतून पाझरतो आणि ते फुगतं. तिथे ३ मिमीची तांब्याची नळी घातली.

१६ डिसेंबर

जेटची जागा. होल्डर आट्यांवर मागेपुढे सरकतो, लॉक-नटने पक्का करता येतो. जेटचं टोक हवेच्या भोकांच्या मध्यरेषेवर ठेवलं तर ज्योतीची टोकं पिवळी. मध्यरेषेच्या २ मिमी मागे ठेवलं तर स्वच्छ निळी. ४ मिमी मागे गेलं की पुन्हा बिघडते, आणि वाऱ्याची झुळूक आली तरी ज्योत थरथरते. २ मिमी मागे पक्कं केलं.

पिवळा आणि नारिंगी यात गल्लत नको. हवा कमी पडली की टोकं पिवळी आणि मऊ होतात, वर धरलेल्या चमच्यावर काजळी धरते. नारिंगी ठिणग्या धुळीच्या असतात, कधी नवीन पितळाच्या. चमचा स्वच्छ राहतो. त्यांच्यासाठी काही करायची गरज नाही.

२२ डिसेंबर

टेबलावर ज्योत निळी आहे, पण पूर्ण उघडल्यावर खाचांपासून ३-४ मिमी वर तरंगते. गॅस थोडा वाढला की एका टोकाकडून विझत जाते.

ब्युटेनच्या एका भागाला पूर्ण जळायला हवेचे ३१ भाग लागतात. मिनिटाला १.२ ग्रॅम म्हणजे सेकंदाला साधारण ९ मिली गॅस. आवश्यक हवेपैकी साठ टक्के हवा जेट स्वतः ओढतो असं धरलं, तर खाचांतून सेकंदाला १७५ मिली मिश्रण बाहेर पडतं. एक खाच ०.६५ मिमी रुंद आणि १३ मिमी लांब. नऊ खाचांचं क्षेत्र झालं ७६ चौरस मिमी. वेग निघाला सेकंदाला २.३ मीटर. ब्युटेनची ज्योत शांत मिश्रणात सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या आसपास पुढे सरकते. खाचेच्या कडेला प्रवाह मंदावलेला असतो, तिथे ज्योत पाय रोवते आणि तिच्या आधाराने बाकीची उभी राहते. म्हणून मधल्या प्रवाहाचा वेग बराच जास्त असला तरी चालतं, पण २.३ म्हणजे पायच उचलले जातात.

खाच रुंद करून वेग कमी करता येतो, पण मग ज्योत मागे फिरायचा धोका वाढतो. म्हणून रुंदी तीच ठेवली आणि संख्या वाढवली. खाचा ७ मिमी अंतरावर होत्या, प्रत्येक दोनांच्या मध्ये एक पाडली. आता १७. क्षेत्र १४४ चौरस मिमी, वेग १.२.

खाच पाडायला साधं हॅक्सॉ पातं घेतलं तर दातांच्या फाकीमुळे रुंदी ०.९ च्या वर जाते. पात्याच्या दोन्ही बाजू तेलाच्या दगडावर घासून फाक काढून टाकायची, मग ०.६५ मिळते. खोली व्यासाच्या एक तृतीयांश. नळीच्या आत लाकडी गोल दांडा ठोकून मग कापायचं, नाहीतर शेवटच्या खाचांना नळी चेपते. आतल्या कडांचे पितळी केस गोल कानशीने काढायचे. ते राहिले तर दोन-तीन खाचांवर ज्योत कायम पिवळी राहते आणि माणूस जेटला शिव्या देत बसतो.

नळीचं बंद तोंड आधी साध्या शिसे-कथिलाच्या डाकाने लावलं होतं. तो डाक १८३ अंशांना वितळतो आणि हे तोंड आगनळीत त्याहून कितीतरी तापतं. आजच ते ढिलं सापडलं. टाकणखार लावून चांदीच्या झाळीने पुन्हा बसवलं. हुपरीच्या चांदी-कारागिरांकडची झाळ गुजरीत (सराफ बाजारात) मिळते, कापून चिमूटभर दिली तरी पुरते.

टेबलावर आता ज्योत खाचांना चिकटून, ८ मिमी उंच, एकसारखी निळी. फोटो काढावा अशी.

२९ डिसेंबर

आणि हीच ज्योत आगनळीत घातली की पिवळी.

आगनळीत सारल्यावर अर्ध्या मिनिटात ज्योत खाचा सोडते आणि धुराड्याच्या तोंडाशी जाऊन जळते. धुराडं लालसर, बॉयलर थंड. चाचणी: १४ मिनिटांत १.१ बार, गॅस १६ ग्रॅम. आधीच्यापेक्षा दुप्पट गॅस आणि फळ जेमतेम.

टेबलावर बर्नरच्या चारी बाजूंना हवा मोकळी असते. जेटने ओढलेल्या साठ टक्क्यांच्या वरची चाळीस टक्के हवा ज्योत बाहेरून घेते. आगनळीत ती येणार कुठून? बर्नर धरायला बसवलेली पितळी चकती आगनळीचं तोंड पूर्ण बंद करते. देखणी बसली आहे, चपखल, आणि तोच दोष. हवा मिळत नाही म्हणून ज्योत हवा शोधत शोधत धुराड्यापर्यंत जाते.

पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळात चुलवाणाला उंच धुराड्याची ओढ असते, तोंडातून ढकललेल्या चिपाडाला हवा आपोआप सापडते. इथलं धुराडं १२० मिमी. पेटवताना ते थंडच असतं, ओढ जवळपास नाहीच. म्हणून वाट मोठी हवी. ज्योतीला बाहेरून सेकंदाला साधारण ११० मिली हवा पाहिजे. ओढीचा वेग सेकंदाला पाऊण मीटर धरला तर भोकांचं क्षेत्र दीडशे चौरस मिमी यावं लागतं. चकतीला ६ मिमीची सहा भोकं पाडली, १७० चौरस मिमी झाली. भोकं खालच्या अर्ध्यात जास्त ठेवली (चार खाली, दोन वर), कारण गरम हवा वरून जाते आणि थंड हवा खालून येते.

ज्योत खाचांवर राहिली. चाचणी: ९ मिनिटं ५० सेकंदांत २ बार, गॅस १०.६ ग्रॅम.

इतके दिवस बर्नर टेबलावर पारखत होतो, ती पारख अपुरी होती. यापुढे कुठलाही बदल आगनळीत घालूनच मोजायचा. भंगारातला ३५ मिमी नळीचा १५० मिमी तुकडा आणि त्याला एक धुराडं, असा खोटा बॉयलर बनवून ठेवला आहे. पाणी नसल्यामुळे तो लवकर तापतो, एका वेळी मिनिटभरच वापरायचा.

पेटवायची रीतही ठरली. व्हॉल्व्ह पाव फेरा उघडायचा आणि काडी धुराड्याच्या तोंडाशी धरायची. ज्योत आत उडी मारून खाचांवर बसते. चकतीच्या भोकातून पेटवायला गेलं तर आधी आगनळीत गॅस साचतो आणि मग भपका येतो, भुवया जळतात.

५ जानेवारी २०२५

हवा मिळाली आणि बर्नर ओरडायला लागला. बॉयलर तापला की दोन-तीन मिनिटांनी गिरणीच्या भोंग्यासारखा एकच सूर, शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल असा. गॅस कमी केला की थांबतो, पण मग दाब चढत नाही.

आधी सूर कोणाचा ते पाहायला हवं. बर्नर टेबलावर ओरडत नाही. म्हणजे बर्नरची नळी वाजत नाही, आगनळी आणि धुराडं मिळून वाजतंय. मोबाइलवरच्या ॲपने सूर मोजला, १,००० हर्ट्झच्या आसपास. धुराड्यावर ६० मिमीचा तुकडा चढवला, सूर ८२० वर उतरला. आगनळी आणि धुराडं मिळून २७० मिमी होते, ते ३३० झाले. सूर अगदी त्याच प्रमाणात उतरला. बासरीचंच गणित. दोन्हीकडून उघड्या नळीच्या आत एका बाजूला ज्योत असली की तिच्या थरथरण्याने नळीतली हवा डोलते आणि हवेच्या डोलण्याने ज्योत आणखी थरथरते.

यावर लोक तीन उपाय सांगतात. धुराड्याची लांबी बदलल्याने सूर बदलतो, जात नाही. हवेच्या भोकांवर कडं सरकवून हवा कमी केली की ओरडणं थांबतं, पण ज्योत पुन्हा पिवळी. तिसरा उपाय खाचांच्या आत जाळी घालण्याचा. ती ज्योतीचा पाया शांत करते, मिश्रण सगळ्या खाचांत सारखं वाटते आणि ज्योतीला मागे फिरू देत नाही.

१२ जानेवारी

स्टेनलेसच्या चहाच्या गाळणीची जाळी घेतली, इंचाला साधारण ४० तारा. गाळणी खरंच स्टेनलेस आहे का हे आधी गॅसवर लाल करून पाहायचं. मुलामा दिलेली असेल तर काळी पडून चुरा होतो. ६५ बाय ५० मिमीचा तुकडा पेन्सिलीवर गुंडाळून दीड वेढ्याची नळी केली आणि बर्नरच्या आत सरकवली. स्वतःच्या ताणाने ती भिंतीला चिकटून बसते, डाक नको. कड मात्र खाचांच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे खाली यायला हवी. दुहेरी थर खाचांखाली आला तर तेवढ्या खाचा मंद जळतात.

ओरडणं थांबलं. पण जाळीने प्रवाहाला अडवल्यामुळे जेट आता पहिल्याइतकी हवा ओढू शकत नाही. ज्योत मऊ झाली, टोकं पिवळी. हवेची भोकं ४ वरून ५ मिमी केली. क्षेत्र ५० वरून ७८ चौरस मिमी झालं. पुन्हा निळी. जाळीशिवाय हीच भोकं ५ मिमी केली असती तर ज्योत खाचांवर टिकली नसती. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी जाळी, मग हवा.

परदेशी आराखड्यांतली हवेच्या भोकांची मापं इथे थोडी कमी पडतात, त्याचं एक लहानसं कारण उंची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, हवा सहा टक्क्यांनी विरळ. ४ मिमीचं भोक ४.१ करण्याइतकाच फरक, त्यावर फार खापर फोडू नये.

चाचणी: ८ मिनिटं ४० सेकंद, गॅस ९.५ ग्रॅम. वास नाही.

१९ जानेवारी

एक गोष्ट खटकत होती. पहिल्या चार मिनिटांत दाब झरझर चढतो, नंतर रेंगाळतो. बॉयलर तापल्यावर उलट व्हायला नको का? बर्नर न बदलता फक्त टाकी मोजली. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) टाकीच्या बुडाला टेपने चिकटवला, दाबाचा गेज टाकीवरच.

सुरुवात: २५ अंश, १.५ बार
४ मिनिटं: १७.५ अंश, ०.९५ बार
८ मिनिटं: १२.५ अंश, ०.६५ बार
१२ मिनिटं: ९ अंश, ०.५ बार

टाकीला बाहेरून दव सुटलेलं. १ ग्रॅम ब्युटेन उकळायला साधारण ३७० ज्यूल लागतात, आणि ती उष्णता द्रव गॅस आणि टाकीचं तांबं यांच्यातूनच येते. ४० ग्रॅम गॅस आणि २५० ग्रॅम तांबं मिळून एक अंश उतरायला १९० ज्यूल गेले की पुरे. मिनिटाला १.२ ग्रॅम जळतो, म्हणजे ४४० ज्यूल जातात. मिनिटाला दोन-सव्वादोन अंश उतरणार हे आधीच कागदावर दिसायला हवं होतं. बारा मिनिटांनी बर्नरला निम्म्याहून थोडाच जास्त गॅस मिळतो. जेट मोठा केला असता तर टाकी आणखी लवकर गारठली असती.

उपाय बिनखर्ची: स्टीलच्या डब्यात २५० मिली नळाचं पाणी आणि त्यात टाकी. पाण्याच्या साठ्यामुळे मिनिटाला फक्त ०.४ अंश उतरते. २५ अंशांपासून सुरू केलं, आठ मिनिटांनी २२ अंश, १.२५ बार. थंडीच्या सकाळी पाणी कोमट करून घ्यायचं, पण हाताला सुखद लागेल तेवढंच. ४० च्या वर कधीच नाही. टाकी बॉयलरला चिकटवून तापवायची युक्ती काही जण करतात. त्यात दाब किती चढेल यावर आपला ताबा राहत नाही, म्हणून इथे नाही.

२६ जानेवारी

पेटवताच हातभर पिवळी ज्योत, थुंकल्यासारखे गोळे. लगेच बंद. टाकी तोलली: ५४ ग्रॅम गॅस. द्रव ब्युटेन मिलिलिटरला ०.५८ ग्रॅम, म्हणजे १०० मिलीच्या टाकीत ९३ मिली द्रव. वाफेच्या नळीचं तोंड बुडालं होतं आणि जेटमधून द्रवच येत होता. मर्यादा ८० मिली, म्हणजे ४६ ग्रॅम. भरताना मधेच तोलायचं. जास्त झाला तर उघड्यावर, ज्योतीपासून लांब, व्हॉल्व्ह उघडून सोडून द्यायचा. ब्युटेन हवेच्या दुप्पट जड असतो, खोलीत सोडला तर टेबलाखाली साचतो.

टाकी आधी माठातल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली की डब्यातला गॅस पटकन उतरतो. डबा वर, उलटा धरायचा.

२ फेब्रुवारी

इंजिन जोडलं. उलट वाफेची (इंजिनात काम करून बाहेर पडणाऱ्या वाफेची) नळी धुराड्यात सोडली, रेल्वेच्या इंजिनासारखी, ओढ वाढेल म्हणून. ओढ वाढली, पण झटक्याझटक्याने. दर फुत्काराला ज्योत खाचांवरून उचलली जाते आणि मंद चालीत तर विझतेच. वर नळीतून तेलमिश्रित पाण्याचे थेंब आगनळीत. रेल्वेच्या इंजिनाला झटके चालतात, कारण तिथे निखाऱ्यांचा जाड थर असतो. गॅसच्या ज्योतीला तसा साठा नाही.

उलट वाफ धुराड्यातून काढली. २५ मिमी व्यासाच्या छोट्या पितळी डब्यात वरून, भिंतीला स्पर्श होईल अशा कोनात सोडली. पाणी आणि तेल खाली बसतं, वाफ वरच्या ६ मिमी नळीने बाहेर.

९ फेब्रुवारी

सगळे बदल एकत्र, इंजिन बंद ठेवून: २ बारला ८ मिनिटं ५ सेकंद, गॅस ९.३ ग्रॅम. पाणी आणि तांबं तापायला लागणारी उष्णता १७९ किलोज्यूल, गॅसची ४२५. म्हणजे ४२ टक्के. इतक्या लहान बॉयलरला ठीक. बाकीची धुराड्यातून जाते, तिथे हात धरवत नाही. आणखी दोन आडव्या पाणनळ्या घालता आल्या असत्या, पण बर्नरच्या टोकापासून पहिली पाणनळी आत्ताच १२ मिमीवर आहे. ज्योत थंड तांब्याला जळता जळता टेकली की विझते आणि तो झोंबणारा वास परत येतो. नळ्या वाढवायच्या तर बर्नर आखूड करावा लागेल.

इंजिन चालवून: एका भरण्यात २२ मिनिटं, दाब १.७ ते २ बारच्या दरम्यान.

राहिलेली कामं. खाचांच्या कडा तांबूस झाल्या आहेत, पितळातलं जस्त जळू लागलं आहे. पुढची नळी ३०४ स्टेनलेसची, त्याच मापाची. चैत्रात दुपारी ३८ अंशांना टाकीचा दाब २.६ बारच्या घरात जाईल. त्याला हाच जेट मिनिटाला पावणेदोन ग्रॅम सोडेल आणि भोंगा बहुधा परत वाजेल. तेव्हासाठी ०.१५ मिमीची दोन नोझलं आणून ठेवली आहेत. सुई घालून तपासायची आहेत.